लाकडी मेहुणा

ओळंबा कुणाच्या घरी गेला की आधी पाणी पीत नाही, आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करतो. मग फोटो, मग डुगडुगणारं टेबल, आणि वेळ उरलाच तर घरमालकाच्या नाकावरचा चष्मा. शेजारचे म्हातारबाबा गेले तेव्हा सगळी गल्ली त्यांना शेवटचं बघायला जमली होती. हा गर्दीतून पुढे झाला, वाकला. लोकांना वाटलं, बिचारा गहिवरला. त्यानं म्हातारबाबांच्या डोक्याखालची उशी बोटभर डावीकडे सरकवली, एक डोळा मिटून बघितलं आणि समाधानानं मागे येऊन उभा राहिला.

त्याचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलंय. गवंडी भिंत सरळ आली की नाही ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, त्या वस्तूचं नाव गल्लीनं याला दिलं, आणि देवानं अंगकाठीही तशीच दिली होती. वर लांबलचक दोरीसारखा देह, खाली दोन जड बूट. मान कुठेही वळवायची झाली तरी अख्खा माणूस वळतो.

धंदा मोटारींची चाकं सरळ करण्याचा. स्टीअरिंग सोडलं की गाडी आपोआप एका बाजूला जाते, नवा टायर पाच महिन्यांत एकाच कडेनं टकला होतो, अशा तक्रारी घेऊन लोक त्याच्याकडे येत. घर वर, शेड खाली. त्याच्याकडे यंत्र नाही. समोरच्या बाजूला वर्षापूर्वी काचेच्या दाराचं गॅरेज आलं, तिथे चाकांना कॅमेरे लावतात आणि पडद्यावर लाल-हिरवे आकडे नाचतात. ओळंब्याकडे दोन नायलॉनचे दोरे, चार लोखंडी स्टँड, एक पोलादी पट्टी आणि जगाबद्दलचा संशय. गाडीच्या दोन्ही अंगांना तो दोरे ताणून बांधायचा आणि गुडघ्यावर बसून मोजायचा: पुढच्या चाकाच्या रिमची पुढची कड दोऱ्यापासून किती, मागची कड किती. फरक आला की चाकाचं तोंड आत नाहीतर बाहेर वळलंय. मग गाडीखाली शिरून चाकाला जोडलेला दांडा पान्यानं पाव वेढा पिळायचा, बाहेर यायचं, पुन्हा मोजायचं. शेडवर पाटी होती: ‘दोरा खोटं बोलत नाही. इथून गेलेली गाडी एका बाजूला ओढली तर ही पाटी उतरवीन.’ वीस वर्षांत उतरवावी लागली नव्हती, आणि हे तो दर वीस मिनिटांनी सांगायचा.

टायर वाचणं हा त्याचा खास आवडीचा भाग. टायर मधोमध झिजलेला दिसला की म्हणायचा, “हवा फार भरता. घरातही असंच फुगून हिंडता का?” दोन्ही कडा गेलेल्या आणि मधलं रबर शाबूत असलं की, “हवासुद्धा हात आखडून भरता? ती तर फुकट मिळते.” एकच कड झिजली असेल तर मात्र तो काही बोलायचा नाही. टायरवरून हात फिरवायचा आणि गिऱ्हाइकाकडे अशा नजरेनं बघायचा, की त्या माणसाला आपल्या लग्नाबद्दल शंका यायला लागावी.

आता मामा. मामा म्हणजे ओळंब्याच्या बायकोचा थोरला भाऊ, ओळंब्याहून दोन वर्षांनी मोठा. आठ वर्षांपूर्वी तो चार दिवसांसाठी आला. आधी विम्याचं काम केलं होतं, मग अंड्यांचं दुकान टाकलं होतं, आणि दोन्ही धंद्यांत जे काही फुटायचं ते फुटल्यावर त्याला बहिणीची आठवण झाली. ओळंब्याच्या पोरांनी मामा म्हटलं म्हणून गल्लीनंही म्हटलं. वजन अडीच मण, चार-दोन शेर इकडे तिकडे. ओळंब्यानं त्याला अगदी बेतानं काम दिलं: गाडीत बसायचं आणि स्टीअरिंग सरळ धरायचं.

बसण्याची त्याची पद्धत बघण्यासारखी होती. मामा बसत नसे, कोसळत असे. दार उघडायचं, पाठ आत करायची आणि उरलेलं परमेश्वरावर सोडून द्यायचं. धप्प! गाडी खाली जायची, वर यायची, दोनदा मान डोलावून गप्प व्हायची. मग सीटवरची आपली उशी नीट करायला मामा एकदा उठून पुन्हा कोसळायचा. चहा आला की उतरायचा, पिऊन आला की धप्प. तोवर ओळंब्याचे दोरे कुठे बांधून व्हायचे. दोरे बांधले की मात्र मामा दगडासारखा गप्प, डोळे अर्धे मिटलेले. “बघा,” ओळंबा गिऱ्हाइकांना सांगायचा, “माझा अडीच मणाचा धोंडा. बायकोबरोबर आला, परत घेत नाहीत.” थोरल्या मेहुण्याला लोक अहो-जाहो करतात. हा ‘ए, बस’ म्हणायचा. मामा बसायचा. जेवण वेळेवर मिळत होतं.

ठिणगी पडली ती एका शनिवारी, बिस्किटावरून. शाळेच्या गणिताच्या बाईंची छोटी गाडी शेडमध्ये होती. ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर आपली पाळी धरून बाकावर होते. गाडी जॅकवरून खाली आली, मामा आत कोसळायच्या बेतात होता आणि जाता जाता म्हणाला, “भाऊजी, आज चहाबरोबर बिस्किटं नाहीत वाटतं.”

ओळंब्याला त्या दिवशी प्रेक्षक मिळाले होते. त्यानं पट्टी खाली ठेवली. “आठ वर्षं बसून खाल्लंस. तुझ्या जागी सिमेंटची गोणी ठेवली असती ना, तर तिनं निदान बिस्किटं मागितली नसती!”

मास्तर हसले. हसण्यासारखं होतंच. बाई हसल्या नाहीत, त्यांनी फक्त चष्मा वर केला. मामानं गाडीचं दार हळूच लावलं. खिडकीतून हात घालून स्टीअरिंगपुढच्या फळीवर ठेवलेला आपला कंगवा घेतला, खिशात टाकला, वर बघून हाक मारली, “चिमे, येतो गं!” आणि निघून गेला. दोन गल्ल्या पलीकडे त्याचा मित्र शिंपी आहे, त्याच्या माळ्यावर राहायला. घाईत त्याची उशी मात्र शेडमध्येच राहिली.

त्या दिवशी स्टीअरिंग धरायला ओळंब्यानं मास्तरांनाच गाडीत बसवलं. मास्तर सडपातळ, शिस्तीचे, काचेच्या भांड्यासारखे अलगद बसले. सोमवारी सुताराकडून त्यानं एक लाकडी टेकू करून आणला. खाली सीटवर टेकवायचा, वर दोन फाटे, ते स्टीअरिंगमध्ये अडकले की चाक हलत नाही. सीटला ओरखडा नको म्हणून टेकूखाली मामाची उशी. गिऱ्हाइकांनी त्याचं लगेच बारसं केलं, ‘लाकडी मेहुणा’. ओळंबा खूश. “चहा पीत नाही, घोरत नाही, आणि बहिणीकडे चहाड्या करत नाही.”

वर बहीण होती. ती भांडली नाही, रडली नाही. फक्त घरातली प्रत्येक फ्रेम, प्रत्येक कॅलेंडर आणि भिंतीवरचं घड्याळ अर्ध्या बोटानं कलतं केलं. ओळंबा संध्याकाळी येऊन एकेक सरळ करायचा. ती सकाळी, तो खाली गेल्यावर, पुन्हा कलतं करायची. दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नाही. जेवताना समोरचं घड्याळ सात वाजून तिरकं. घास त्याच्या घशाखाली सरळ उतरेना.

दहाव्या दिवशी पहिली गाडी परत आली. मास्तरांचीच. “डावीकडे ओढते.”

“तुमची पोरं शिकाऊ. ती डावीकडे बघतात, म्हणून गाडी डावीकडे जाते.”

“मी चालवली.”

“मग तुम्ही डावीकडे बघता.”

तरीही त्यानं गाडी घेतली. आधी रिवाजाप्रमाणे जॅकवर चढवली, चाकं धरून हलवली, कुठे सैल आहे का बघितलं, खाली उतरवली, लाकडी मेहुणा लावला, दोरे बांधले, मोजलं. दोन्ही बाजूंना बरोबर! केसाचाही फरक नाही. त्यानं मास्तरांना पट्टी दाखवली. मास्तर गाडी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

मग औषधांच्या दुकानदाराची आली. मग दुधाची व्हॅन. मग एका वकिलाची, म्हणजे भांडण विकतच आलं. प्रत्येक वेळी तेच. रस्त्यावर गाडी हट्टी बैलासारखी बाजूला ओढते, आणि शेडमध्ये दोऱ्यासमोर उभी केली की शाळेतल्या हुशार मुलासारखी सरळ. ओळंब्यानं दोरे बदलले. पट्टी बदलली. स्टँड सुताराकडून, मग लोहाराकडून तपासून आणले. पाण्याची नळी धरून शेडची जमीन सपाट आहे का बघितलं. होती. शेवटी त्यानं निकाल दिला, “रस्ताच वाकडा बांधलाय.”

नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे पुष्कळ असतात. यानं सगळ्या शहराचे रस्ते वाकडे ठरवले. एक दिवस चक्क दोरा आणि स्टँड घेऊन समोरचा रस्ता मोजायला बसला. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, काचेच्या दारातून समोरचे लोक थंड हवेत उभं राहून बघत होते, आणि हा गुडघ्यावर. चेष्टेलाही एक हद्द असते म्हणून समोरचे हसले नाहीत. त्यांनी फक्त दोन जास्तीच्या खुर्च्या आणून ठेवल्या. ओळंब्याकडून परतलेली गिऱ्हाइकं आता तिकडेच जाऊन बसायची.

शेडमध्ये दिवसाला सहा गाड्या यायच्या, त्या दोन झाल्या. ओळंबा आता कुणाच्या टायरवर विनोद करेना. आणि पाटी. तो पाटीखालून जाताना मान खाली घालायला लागला, त्याची मान खाली जाते हे गल्लीला तेव्हाच कळलं.

पाचव्या शनिवारी गणिताच्या बाई आल्या. गाडीतून उतरल्या आणि थेट पुढच्या चाकाकडे बोट केलं. ओळंब्यानं टायरवर हात फिरवला. एका दिशेनं मऊ, उलट दिशेनं करवतीच्या दातांसारखं खरखरीत. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवावा तसं. म्हणजे महिनाभर हे चाक रस्त्यावर सरळ धावलेलंच नव्हतं, तिरकं घासत ओढलं गेलं होतं. कोवळं, नवं रबर.

“तुम्ही वळणं जोरात घेता?” त्यानं मरतुकड्या आवाजात विचारलं.

“मी शाळेत जाते आणि घरी येते. रस्त्यात एकच वळण आहे आणि तिथे सिग्नल आहे.” बाईंनी वर बघितलं. “ती पाटी वाचायला मला चष्मा लागत नाही. आज माझ्यासमोर पुन्हा करा. मी इथून सरळ रिंगरोडला जाईन. गाडी ओढली, तर परत येईन आणि शाळेची शिडी घेऊन येईन. पाटी उंच आहे.”

बातमीला पाय असतात. अर्ध्या तासात मास्तर आले, औषधवाला आला, काचेच्या दारातून दोघं बाहेर येऊन उन्हात उभे राहिले. वरच्या खिडकीत बायको मेथी निवडत बसली, म्हणजे पूर्ण वेळ द्यायचा तिचा बेत होता. ओळंब्याची वीस वर्षांची कमाई म्हणजे ती चार फूट पत्र्याची पाटी, आणि ती आता एका लहानशा गाडीच्या दोन चाकांवर टांगलेली.

त्यानं जीव ओतून काम केलं. जॅक. चाकं हलवून बघितली. खाली उतरवली. लाकडी मेहुणा उशीवर उभा केला, फाटे अडकवले. दोरे ताणले. मोजलं. किंचित फरक, खाली शिरून अर्धा पाव वेढा पिळला. पुन्हा मोजलं. डावं बरोबर. उजवं बरोबर. “या बाई,” तो उजव्या चाकापाशी गुडघ्यावर बसून म्हणाला, आणि आवाजात जुना ओळंबा जरा जरा परत यायला लागला. “या, स्वतः बघा. पट्टी धरलीय मी. पुढची कड, मागची कड. गणित तुमचं, आकडा तुम्ही वाचा.”

बाई वाकल्या. आकडा वाचला. बरोबर होता.

नेमका त्याच वेळी मामा आला. भांडायला नाही, तह करायलाही नाही. शिंप्याच्या माळ्यावर झोपून त्याची कंबर धरली होती आणि त्याला आपली उशी हवी होती. आठ वर्षं ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं तो गर्दीतून आत शिरला, गाडीचं दार उघडलं, आपल्या उशीवर हा लाकडी इसम उभा बघून त्याला राग आला, तो त्यानं उपटून बाहेर ठेवला, आणि उशी काढायला म्हणून पाठ आत केली. पाठ एकदा आत गेल्यावर पुढचं त्याच्या हातात कधीच नव्हतं.

धप्प!

गाडी खाली गेली, वर आली, दोनदा डोलली. आणि ओळंब्याच्या डोळ्यांसमोर, हातातल्या पट्टीच्या कडेवर, रिमची पुढची कड सरकली. एक, दोन, तीन मिलिमीटर. चाकाचं तोंड हळूच बाहेर वळलं, शाळा सुटल्यावर पोरानं वळावं तसं.

“अगं बाई!” बाई म्हणाल्या.

“उतर,” ओळंबा कुजबुजला.

“उशी घेतो आणि जातो, भाऊजी. ओरडू नका.”

“ओरडत नाही. उतर.”

मामा उतरला. गाडी वर आली. पण रिम परत आली नाही, तिथेच राहिली. ओळंब्यानं डावीकडे धावत जाऊन मोजलं. तिकडेही तीन मिलिमीटर, तेही बाहेरच, म्हणजे नुसतं स्टीअरिंग फिरलं नव्हतं. तो मटकन खाली बसला, जड बूट पुढे पसरून.

त्याला त्याचा उस्ताद आठवला. पंचवीस वर्षांपूर्वी त्या म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: जॅकवरून उतरवलेली गाडी म्हणजे झोपेतून उठवलेला माणूस. चाकं लोंबून आकसलेली असतात, जमिनीवर टेकली तरी तशीच अवघडून उभी राहतात. आधी बंपर धरून दोन-चारदा दाब, गाडी आपल्या जागी बसू दे, मग मोज. ओळंबा बारा वर्षं इमानानं बंपर दाबत होता. मग मामा आला आणि दर गाडीत तीनदा कोसळायला लागला. दाबायची गरज उरली नाही, मग सवय उरली नाही, मग आठवण उरली नाही. आणि मामा गेल्यापासून हा अवघडलेल्या गाड्या मोजत होता. तक्रार आली की पुन्हा जॅकवर चढवून पुन्हा अवघडवून मोजत होता, म्हणून शेडमध्ये प्रत्येक वेळी सगळं बरोबर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा अडीच मणाचा होता आणि रोज जेवायला समोर बसत होता.

“काय मोडलं आता?” मामानं उशी छातीशी धरून विचारलं. “माझ्या अंगावर घालू नका हं.”

“चूक सापडली वाटतं,” बाई म्हणाल्या. “कळू तरी द्या, कुठे होती.”

ओळंब्यानं चारी बाजूंना बघितलं. मास्तर होते, औषधवाला होता, समोरचे दोघं होते. मग त्यानं पाना उचलला आणि तो गाडीखाली शिरला. बाहेर फक्त बूट.

“माझी,” गाडीखालून आवाज आला.

“ऐकू नाही आलं,” मास्तर म्हणाले. तीन आठवडे डावीकडे बघितल्याचा आरोप सोसलेला माणूस, तो काय सोडतो!

“माझी चूक!”

“अहो,” वरून मेथीच्या ढिगाऱ्यामागून बायकोचा आवाज आला. पाच आठवड्यांतला पहिला. “नीट सांगा. दादाला एका कानानं कमी ऐकू येतं.”

बूट आणखी आत सरकले. मग गाडीच्या पोटातून घुमत आलं, “आठ वर्षं गाडी याच्या बुडामुळे सरळ होत होती, माझ्या दोऱ्यामुळे नाही! झालं समाधान?”

“याच्या?” वरून.

“...यांच्या.”

समोरच्या दोघांपैकी एकानं टाळी वाजवली. दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं, कारण त्यांचं यंत्रही गाडी बसवून घ्यायला सांगतं आणि तेही कधी कधी घाईत विसरतात. मामाला अजून नीट उमगलं नव्हतं. पण आपल्या बुडाचा जाहीर उल्लेख आदरानं झाला एवढं त्याच्या लक्षात आलं. तो लगेच आत बसला नाही. त्यानं उशी झटकली. उलटी केली. पुन्हा झटकली. खिशातून कंगवा काढून गाडीच्या फळीवर ठेवला.

ओळंबा गाडीखालून बाहेर आला. कपाळाला ग्रीस, मान ताठ, डोळे पट्टीवर. “मामा,” तो पट्टीला म्हणाला, “बसा.”

“बिस्किटं?”

“बसा म्हणतो ना.”

धप्प. मग उठून एकदा, आणि उगाचच तिसऱ्यांदा. दोरे नव्यानं बांधले गेले. बाई गाडी घेऊन रिंगरोडला गेल्या, अर्ध्या तासानं परत आल्या, रिकाम्या हातानं, म्हणजे शिडीशिवाय. खिडकीतून एवढंच म्हणाल्या, “सरळ जाते. पण त्या टायरचं पाप तुमच्या नावावर.” ओळंब्यानं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात मास्तर, औषधवाला, व्हॅन आणि वकील, सगळ्यांना त्यानं स्वतः फोन करून बोलावून घेतलं. वकिलाला लेखी हवं होतं.

पाटी आहे. तो म्हणतो, मास्तरांची आणि इतरांची गाडी ओढली हे खरं, पण मामा रजेवर असताना ओढली, त्यामुळे ती मोजायची नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो. नव्या गिऱ्हाइकांना तो गाडी बसवून घेण्याचं महत्त्व अशा थाटात समजावतो, जणू शोध त्यानंच लावला. दोन गाड्यांच्या मध्ये मामा नसला तर स्वतः बंपर धरून दाबतोही. गाडी जराशी डोलते, भिडेखातर. लाकडी मेहुणा कोपऱ्यात उभा असतो, त्याच्या फाट्यांवर गिऱ्हाइकांचे कोट आणि ओल्या छत्र्या.

वर बायकोनं घड्याळ सरळ केलं, कॅलेंडर सरळ केलं, फ्रेमाही केल्या. फक्त लग्नाचा फोटो अजून अर्ध्या बोटानं कलता आहे. ओळंबा जेवताना रोज त्याच्याकडे बघतो. परवा एकदा उठला होता. शेजारी मामा जेवत होता, त्यानं नुसतं वर बघितलं आणि म्हणाला, “भाऊजी, बसा.”

बसला.